रस्ता सुरू आहे

वेबसाईट कशासाठी, हा प्रश्न सादिकभाईंनी उन्हाळ्यातच विचारला होता. आलापल्ली ते भामरागड दोन जीपा चालवणाऱ्या माणसाला ही हौस कशाला? पण लेक अमरीन शिकून आलेली, आणि शिकलेल्या लेकीपुढे बापाचं काय चालतं! बाहेरगावच्या लोकांना गाडी कधी सुटते, रस्ता कसा आहे ते घरबसल्या कळेल, असं तिने पटवलं. जीपांचे फोटो टाकले, वेळा टाकल्या आणि वर ठळक अक्षरांत लिहिलं: भामरागडचा रस्ता सुरू आहे. मे महिना होता, रस्ता खरंच सुरू होता.

"अन् रोजचं कोण पाहीन?" सादिकभाईंनी विचारलं.

"पाहून घेऊ ना, अब्बा."

ते राहूनच गेलं. गावात कुणाचं अडलंही नाही. पावसाने झोडपलं की जीप अंगणात उभी राहते, हे इथल्या पोराटोरांनाही ठाऊक. त्यासाठी मोबाईल कोण उघडतो?

आज दुपारी अजय नावाच्या माणसाचा फोन आला. मूळचा भामरागडचा, पण नोकरीपायी बरीच वर्षं बाहेर. आईचं पोटाचं ऑपरेशन झालेलं. चंद्रपूरच्या दवाखान्यातून सुटी मिळाली तशी भाड्याची कार घेऊन स्वतःच चालवत तिला गावी नेत होता. "तुमच्या वेबसाईटवर रस्ता सुरू दिसला म्हणून निघालो. आलापल्ली मागं पडली आता. पाऊस लय हाय, पण पुढं रस्ता सुरूच हाय ना?"

अमरीन नाही, नाही म्हणत राहिली, पण फोन केव्हाच कटला होता. तिथून पुढे जंगलात नेटवर्क नाही.

पुढच्या नाल्याचं पाणी सकाळपासून पुलावरून वाहत होतं. सादिकभाईंनी किल्ली उचलली आणि जीप काढली.

ती ओळ आधी पुसावी म्हणून अमरीन कॉम्प्युटरपुढे बसली, तर पान उघडायच्या आत लाईट गेली. आणखी कोणी ती ओळ वाचत असेल का? आणखी कोणी निघालं असेल का? तिच्या आईने, कनीजने, आणून ठेवलेल्या चहावर साय धरली. पोर हात लावीना.

अंधारताना जीप आली. मागच्या सीटवर अजय आणि त्याची म्हातारी आई, दोघंही चिंब. कनीजने म्हातारीला आत नेऊन कोरडं लुगडं नेसवलं, गादीवर निजवलं. टाके शाबूत होते. अजय दाराशीच उभा होता, मान वर करेना.

झालं ते सादिकभाईंनी सांगितलं. नाल्याकाठच्या गावचा कोलू पाणी चढलं की रस्त्यात हिरव्या फांद्या टाकतो. त्या दिसल्या की इथला ड्रायव्हर जागीच थांबतो. कारही थांबली होती. पण अजयने खाली उतरून फांद्या बाजूला केल्या. भामरागडचा माणूस! फांद्यांचा अर्थ त्याला कळत नव्हता थोडाच? पण वेबसाईट म्हणत होती, रस्ता सुरू आहे. त्याला वाटलं, फांद्या काढायच्या राहिल्या असतील. कार पुलावर बंद पडली. कोलूने चार माणसं जमवून दोर बांधला आणि म्हातारीला पाठीवर घेऊन बाहेर काढलं.

"कोलूवर लोकं भरोसा ठेवते," सादिकभाई हळूच म्हणाले, "काऊन का पाणी उतरलं की तो फांदी उचलते बी. तू ती ओळ टाकली, अन् मंग पाह्यलंच नाई."

अमरीनला रडू फुटलं. लाईट आली तेव्हा तिने तशाच डोळ्यांनी जीपांचे फोटो खाली सारले आणि वर लिहिलं: रस्ता बंद. नाल्याचं पाणी पुलावर. आज संध्याकाळी सादिकभाईंनी स्वतः पाहिलं.

थोड्या वेळाने फोन वाजला. पोंभुर्ण्याकडचा कुणी सुनील होता. "उद्या सकाळी बायको-लेकराले घेऊन तुमच्या जीपसाठी निघणार होतो. आता तुमचं बंद दिसून राह्यलं, मंग नाई निघत. सुरू झाला की तिथीच लिवसान ना?"

"लिहीन," अमरीन म्हणाली.

गिऱ्हाईक गेलं, आणि सादिकभाईंनी सुटकेचा श्वास टाकला. अमरीनने मात्र ते पान बंद केलं नाही. उद्या पाणी उतरलं, तर ही फांदी तिलाच उचलायची होती.