कोट फोटोवाल्याचा, चेहरा स्वयंपाक्याचा

मी एक फोटो बोलतोय. होय, तोच, संग्रहालयाच्या मोठ्या दालनात दारासमोर टांगलेला, ज्याच्याखाली पितळी पाटीवर ‘रणधुरंधर’ असं कोरलंय. तुम्ही माझ्यासमोर हात जोडून उभे राहता तेव्हा मला हसू आवरत नाही. पण करणार काय? फोटोला जन्मभर एकच तोंड ठेवावं लागतं. माणसांचं बरं असतं.

खरं तर मी नुसता फोटो नाही. माझ्या पाठीवर पत्र आहे, तिकीट आहे, टपालाचा शिक्का आहे. युद्धाच्या दिवसांत सैनिक अशी फोटोची पोस्टकार्डं करून घरी धाडायचे.

माझा जन्म छावणीच्या फाटकासमोरच्या स्टुडिओतला. स्टुडिओ कसला, सायकलवाल्याच्या दुकानामागची पत्र्याची खोली. फोटोवाल्याकडे तोफेचं चित्र असलेला एक पडदा होता, एक लाकडी बंदूक होती आणि बुडालेल्या नाटक कंपनीकडून आणलेला एक लष्करी कोट होता. कोटावर तीन पदकं, डब्याच्या झाकणातून कापलेली. वरून दुसरं बटण गायब. कोट सगळ्यांनाच ढगळ व्हायचा, म्हणून फोटोवाला पाठीमागून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचा. चिमटे निसटू नयेत म्हणून माणूस श्वास रोखून ताठ उभा राहायचा. त्यालाच तुम्ही ‘करारी मुद्रा’ म्हणता!

माझा माणूस छावणीच्या भटारखान्यात स्वयंपाकी होता. डाव्या अंगठ्याला चिंधी गुंडाळून आला.

“तो अंगठा लपव की जरा,” फोटोवाला म्हणाला.

“लपवू कुठे? बंदूक एका हाताने धरवत नाही हो.”

“बरं, राहू दे. चेहरा तरी रागीट कर. समोर शत्रू आहे असं समज.”

“समोर तर तुम्हीच आहात,” तो म्हणाला. मग हसू दाबताना त्याचं जे तोंड झालं, ते माझं तोंड.

बटाट्याच्या पोत्यावर बसून त्याने माझ्या पाठीवर बायकोला पत्र लिहिलं. ती सात महिन्यांची गरोदर होती. पत्रं तपासणाऱ्या साहेबाने त्यातला ‘बटाटे’ हा एक शब्द काळ्या शाईने खोडला. बरोबरच आहे. आपलं सैन्य जेवतं ही बातमी शत्रूला कळली असती तर केवढा घोटाळा झाला असता!

बायकोला वाचता येत नव्हतं. पोस्टमनने अंगणात उभं राहून मला मोठ्याने वाचलं. ती खूप हसली आणि मग पदरात तोंड घालून रडली. त्या दिवसापासून मी आरशाच्या चौकटीत खोचलेला. दोन महिन्यांनी मुलगी झाली आणि त्याच आठवड्यात तो छावणीच्या दवाखान्यात पोटाच्या तापाने गेला. ना तोफ, ना संगीन. दूषित पाणी.

मुलगी बोलायला लागली तशी आई तिला माझी पाठ दाखवून म्हणायची, “इथे तुझ्यासाठी दोन ओळी आहेत. शाळेत जा, वाचायला शीक आणि तूच वाच.”

मुलगी पाच वर्षांची असताना गावाला संग्रहालय काढायची हुक्की आली. संग्रहालय म्हटलं की वीर हवा, आणि वीर म्हटला की पदकं हवीत. चिटणीस घरी आले. “वहिनी, पंधरा दिवसांत परत आणून देतो हं.” मला नेलं, पुठ्ठ्यावर खळीने चिकटवलं आणि भिंतीवर चढवलं. वहिनी चार वेळा मागायला आल्या. पाचव्या वेळी यायला त्या राहिल्या नाहीत. मुलगी मामाकडे वाढली.

इकडे विद्वान मंडळी कामाला लागली. अंगठ्याची चिंधी म्हणजे संगिनीची जखम, असं ठरलं. गावातून आणखी आठ फोटो गोळा झाले, आठांच्याही अंगावर तोच कोट आणि तेच गायब बटण. आता एखादा म्हणाला असता, अरे, कोट एकच दिसतोय. छे! यांनी शोधून काढलं, की ही एक गुप्त तुकडी होती आणि विजय मिळेपर्यंत दुसरं बटण न लावण्याची तिने शपथ घेतली होती. त्यावर पुस्तिकाही निघाली. त्या वेळी मला कपाळावर हात मारायचा होता, पण हातात बंदूक होती.

पहिल्या वर्षीच्या भाषणात माझ्या माणसाने तीन शत्रू मारले. पुढच्या वर्षी पाच. आता आकडा अकरावर आलाय. बिचारा मेल्यावरच काय तो लढला!

मुलगी दर वर्षी स्मृतिदिनाला येते. आता तिचे केस पांढरे झालेत. तिला पहिल्या रांगेत बसवतात, शाल देतात. टाळ्या वाजल्या की ती मान खाली घालते. यंदा मी दमट भिंतीमुळे पुठ्ठ्यावरून सुटत आलो होतो. आताच्या चिटणीसांनी, म्हणजे त्या चिटणीसांच्याच चिरंजीवांनी, मला पुन्हा चिकटवायला खाली काढलं. तेवढ्यात ती आली.

“दादा, तेवढी पाठ बघू द्या ना. अकरा माणसं मारली म्हणतात बाबांनी. त्यांनाही माझ्यासारख्या मुली असतील. मला नाही हो सहन होत ते. बाबांनी माझ्यासाठी काय लिहिलं, एवढंच बघायचंय.”

“बघून सांगतो,” म्हणत ते मला आतल्या खोलीत घेऊन गेले. दार लावलं, मला पुठ्ठ्यापासून सोडवलं, उलटं केलं आणि वाचलं. दोनदा वाचलं. घाम पुसला. मग नव्या चौकटीत घालून, मागून लाकडी फळी ठोकून बाहेर आणलं.

“मागे काही नाही, ताई. कोरा आहे.”

“आई तर म्हणायची...”

“आईला वाचता येत होतं का?”

तिने काचेवरून माझ्या अंगठ्याला हात लावला आणि गेली. त्या वेळी मला तोंड होतं, पण वाचा नव्हती.

आज ती वाचा मिळालीय, तर ऐका. माझ्या पाठीवर लिहिलंय: ‘कोट फोटोवाल्याचा आहे, हसू नकोस. अंगठा सोलताना कापला. मुलगी झाली तर तिला सांग, तुझा बाप कुणाला मारायला गेला नव्हता, चारशे माणसांना जेवायला घालायला गेला होता. घरी आलो की तिला पहिला घास मीच भरवणार.’

रखवालदार साडेअकराला चहाला जातो. फळीचे खिळे घाईत ठोकलेत, हाताने निघतील. ती जुन्या टपाल कचेरीमागे राहते, कुणालाही विचारा. हात जोडू नका, हार घालू नका. मला काढा आणि तिच्या हातात पालथा द्या.