पाट्यांवरचे भाडेकरू

मनगटांनी दगा दिल्यावर वहिनींनी फिजिओथेरपीचं क्लिनिक विकलं. आलेली रक्कम त्या एका व्यापारी इमारतीच्या दुसऱ्या मजल्यात घालणार होत्या. तिथे सहा गाळे होते आणि पुढे त्यांच्या भाड्यावरच घर चालायचं होतं. दलालाने तीन कंपन्यांचे बाजार-अहवाल दिले होते. तिन्हींत एकच होतं: मजला पूर्ण भरलेला.

"तीन ठिकाणी एकच आकडा आहे, म्हणजे खराच असणार," वहिनी म्हणाल्या.

नणंद गणिताची शिक्षिका. "माझ्या वर्गात तीन उत्तरं तंतोतंत जुळली, की मी आधी कोण कोणाशेजारी बसलंय ते बघते."

"वन्सं, तुम्हाला आरशाचासुद्धा संशय येतो."

"आरसाच घर विकायला निघाला तर येणारच. चल, भाडेकरूंनाच विचारू."

इमारतीच्या प्रवेशद्वारात दुसऱ्या मजल्याच्या सहा पाट्या होत्या. वर मात्र चार दारांना कुलपं होती. उघड्या दोन दुकानांपैकी एकात चष्मेवाला काच घासत बसला होता. आपण हा मजला घेतोय, असं वहिनींनी सरळ सांगितलं आणि गाळे खरंच भरलेत का, ते विचारलं. त्याने काच खाली ठेवली.

"इथे आम्ही दोघंच उरलोय. मी आणि त्या कोपऱ्यातल्या वकीलबाई. बाकीचे केव्हाच गेले. पाट्या मात्र मालकांनी काढू दिल्या नाहीत. अहवाल काढणाऱ्या एका कंपनीचा माणूस येतो, खालच्या पाट्या मोजतो आणि जातो."

"अहो, लिफ्ट आहे की!" नणंद म्हणाली.

"पाट्या खाली आहेत ना! बाकीच्या दोन कंपन्या त्याचाच आकडा उचलतात."

नणंदेने वहिनींकडे पाहिलं.

"हे आम्हाला का सांगितलंत?" वहिनींनी विचारलं.

"खरं तर सांगायला नको होतं. मीही गाळा सोडतोय. मजला विकला गेला की अनामत देतो, असं मालक म्हणालेत. तुम्ही आत आलात तेव्हा वाटलं, सुटलो."

"मग?"

"मग तुम्ही विचारलंत."

वकीलबाईंनीही तेच सांगितलं. वहिनींनी बंद गाळ्यांची वीजबिलं मागवली. वापर शून्य होता. ती बिलं त्यांनी मूळ मोजणी करणाऱ्या कंपनीला पाठवली. कंपनीने अहवाल सुधारला, तसा मालकाने भाव उतरवला. नव्या भावात मजला घेऊन, गाळे भरेपर्यंत घर चालेल इतके पैसे हाताशी उरत होते. वहिनी तयार झाल्या. पण चष्मेवाल्याची अनामत आधी द्यायची, ही अट घालूनच.

"ते तुमचे कोण?" दलाल वैतागून म्हणाला.

"कोणी नाहीत. ते गप्प बसले असते, तर म्हातारपणी मला भावाच्या दारात जावं लागलं असतं. त्यांचे पैसे आधी, माझी सही नंतर."

मालकाने तोंड वाकडं करत चेक लिहिला. तो घेऊन वहिनी स्वतः वर गेल्या. चष्मेवाल्याने तो दोनदा वाचला.

"तुमचे उपकार झाले," तो म्हणाला. "पण मी गाळा सोडणारच आहे हं. तुम्ही उगाच आशेवर राहू नका."

वहिनी हसल्या. "तुमचा गाळा मी रिकामाच धरलाय. आता एक खरं सांगा: इथे कोणतं दुकान चालेल?"

त्याने दुसरी खुर्ची पुढे सरकवली.