घरच्या विटा

त्यांना सगळं गाव उद्योगपती म्हणायचं, आणि हे नाव त्यांनी स्वतःच स्वतःला ठेवलं होतं. झालं असं, की वीटभट्टी बरी चाललेली असताना त्यांना बर्फाचा कारखाना काढायची हुक्की आली. कारखाना निघाला, फीत कापली, फोटो काढला, आणि बर्फाच्या आधी कारखानाच वितळला. मग भाड्यानं द्यायच्या खुर्च्या आणल्या. त्या लोकांनी हौसेनं नेल्या आणि तितक्याच हौसेनं ठेवून घेतल्या. मग मधमाश्या पाळल्या. मधमाश्यांनी पोळं बांधलं ते शेजाऱ्याच्या छपराखाली, आणि शेजारी इतका सज्जन, की त्यातल्याच मधाची एक बरणी यांना भेट म्हणून दिली. दर वेळी लोक हसायच्या आत हे स्वतःच हसून घ्यायचे. चहाच्या टपरीवर पाऊल टाकलं की म्हणायचे, "सरका, सरका, उद्योगपतींना जागा द्या. आज कशाचं दिवाळं काढायचं ते ठरवायचंय." आपली टिंगल आपणच उरकून टाकली की दुसऱ्याच्या हाती काही उरत नाही, एवढी एकच विद्या त्यांना पुरती साधली होती.

विटेच्या बाबतीत मात्र थट्टा बंद. तिथं गडी एकदम गंभीर. गिऱ्हाईक भट्टीवर आलं की हे दोन विटा हातात घेऊन एकमेकींवर आपटायचे आणि डोळे मिटून ऐकत राहायचे, जणू कुणी गाणं म्हणतंय. मग एक वीट छातीइतकी उंच धरून खाली सोडायचे. वीट जमिनीवर पडायची, गिऱ्हाईक दचकायचं, वीट तशीच्या तशी. "घेऊन जा," हे म्हणायचे, "तुमचे नातू भिंत पाडायला काढतील तेव्हा मला शिव्या देतील." आणि हे खरं होतं. बाकी कशातही नसली तरी विटेत त्यांच्या हाताला बरकत होती.

आता इथंच सगळं घोडं पेंड खात होतं. भट्टी उकलली की विटांची निवड व्हायची. लालबुंद, सरळ कडांच्या विटा गिऱ्हाइकाच्या. आणि आगीच्या अगदी जवळ राहून काळ्या पडलेल्या, वाकलेल्या, एकमेकींना चिकटलेल्या ज्या खंगर विटा, त्यांचा ढीग वेगळा. त्या ढिगाला भट्टीवर सगळे 'घरचा ढीग' म्हणायचे. कारण उद्योगपतींनी स्वतःचं घर बांधलं ते त्याच ढिगातून. "चांगला माल गिऱ्हाइकाला. घरच्यांना काय, चालतं!" हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा म्हटलं होतं, की भट्टीवरची माणसंही निवड करताना तेच पुटपुटायची.

त्या घराचं काय वर्णन करावं! बैठकीच्या खोलीच्या भिंतीला मधोमध पोट सुटलेलं. कपाटाच्या एका पायाखाली पुठ्ठा, दुसऱ्या पायाखाली जास्त पुठ्ठा. खिळा ठोकायला जावं तर खंगर वीट खिळ्याचंच तोंड वाकडं करायची. साऱ्या भिंतीत मिळून एकाच जागी खिळा बसला होता आणि त्यावर बर्फाच्या कारखान्याची फीत कापतानाचा तो मोठा फोटो लटकत होता. पण भिंतीच्या पोटामुळं तो कायम एका बाजूला कललेला. सरळ केला, की संध्याकाळपर्यंत पुन्हा कलायचा. शेवटी घरातल्यांनी फोटोचा नाद सोडला आणि स्वतःच्या माना कलवल्या. पाहुणेसुद्धा खुर्चीवर बसले की थोड्या वेळानं न सांगता एका बाजूला झुकायचे.

या घरात वाढलेली त्यांची एकुलती एक लेक आता लग्न होऊन गावातच औषधांचं दुकान चालवत होती, आणि दुकानाच्या मागच्या जागेवर स्वतःचं घर बांधायला निघाली होती. उद्योगपतींना ही बातमी कुणी दिली? सिमेंटचे ब्लॉक विकणाऱ्यानं. टपरीवर, चारचौघांत. "तुमच्या कन्येनं ब्लॉकची चौकशी केलीय हां," तो म्हणाला, आणि टपरीवरच्या सगळ्या माना यांच्याकडं वळल्या. उद्योगपतींनी तोंड उघडलं, पण स्वतःवर करायचा विनोद काही केल्या सापडेना. चहा तसाच टाकून ते लेकीच्या दुकानात गेले.

"ब्लॉक?" ते म्हणाले. "वीटवाल्याच्या पोरीच्या घराला ब्लॉक? अगं, माझं नाक कापून काउंटरवर ठेव, खोकल्याच्या गोळ्यांशेजारी. खपेल तरी."

"विनोद नको बाबा," लेक म्हणाली. ती औषधांची खोकी फळीवर लावत होती, लावायची थांबली नाही. "मला सरळ भिंती हव्यात. तुम्ही मला कुठल्या ढिगातल्या विटा द्याल ते मला माहितीय."

"अगं, तुला मी..."

"घरच्यांना काय, चालतं," लेक म्हणाली. ती रागानं बोलली असती तर बरं झालं असतं. तिनं ते वाक्य भट्टीवरच्या माणसांसारखं, सवयीनं म्हटलं.

उद्योगपतींना तोंडात मारल्यासारखं झालं. त्यांनी तिथंच शब्द दिला, की या खेपेची भट्टी सगळी तिची. एकेक वीट आपण स्वतः हातानं निवडणार, आणि एक जरी वाकडी निघाली तर तिनं खुशाल ब्लॉक लावावेत, वाटलं तर संगमरवर लावावा. लेकीनं शेवटचं खोकं फळीवर सरकवलं. "सोमवारी गवंडी येतोय," ती म्हणाली. "तोवर विटा आल्या तर तुमच्या. नाही आल्या तर ब्लॉकची गाडी सांगते."

भट्टी लागलेली होती, आग विझत आली होती. पण विझलेली भट्टी आणि थंड झालेली भट्टी यांत फार फरक असतो. आतल्या विटा आपल्या आपण, सावकाश निवाव्या लागतात. घाई करून आत वारा सोडला, की तापलेली वीट तडकते. हे उद्योगपतींना कुणी शिकवायला नको होतं, इतरांना ते स्वतःच शिकवत आले होते. पण शनिवारी त्यांनी भट्टीला हात लावला, चटका बसला, बोट तोंडात घालून म्हणाले, "आज राहू दे." रविवारी हात लावला, पुन्हा चटका बसला, आणि ते म्हणाले, "आज बराच कमी आहे."

त्यांची बायको डबा घेऊन भट्टीवर आली होती. "अहो, वाफ निघतेय अजून," ती म्हणाली.

"ती बाहेरची ऊब आहे. आत गार असणार."

"हे बर्फाच्या कारखान्यात शिकलात वाटतं?"

यावर उत्तर म्हणून उद्योगपतींनी भट्टी उकलायचा हुकूम सोडला. वरचा मातीचा लेप फोडला, बाजूच्या ओळी काढल्या, आणि मोकळा वारा आत शिरला. जरा वेळ काहीच झालं नाही. उद्योगपतींनी बायकोकडं विजयी मुद्रेनं पाहिलं. मग आतून बारीक आवाज यायला लागला. टक. टक टक. मग इकडून टक, तिकडून टक, आणि बघता बघता सगळी भट्टी दातावर दात वाजवल्यासारखी वाजायला लागली. उद्योगपतींनी आत पाहिलं. विटा दिसायला लालबुंद, सरळ, देखण्या. त्यांनी दोन उचलल्या, फडक्यातून धरल्या आणि एकमेकींवर आपटल्या. भद्द! ओल्या लाकडासारखा आवाज आला आणि एकीचे हातातच दोन तुकडे झाले.

ते तिथंच कच्च्या विटांच्या थप्पीवर बसले. इतके धंदे बुडाले, पण आपल्या हातानं, आपल्या लेकीसाठी, आपल्याला येणारी एकमेव गोष्ट त्यांनी आज पहिल्यांदा बुडवली होती. रडू येतंय की काय असं त्यांना वाटलं, म्हणून ते उठले आणि डोक्यात येईल त्यातलं सगळ्यात मूर्खपणाचं काम करायला निघाले.

पुलापलीकडं दुसरी वीटभट्टी होती. तिच्या मालकाचा उल्लेख उद्योगपती वर्षानुवर्षं 'तो चिखल विकणारा' असाच करत. आता त्याच्याच दारात उभं राहून हे म्हणाले, "एका गिऱ्हाइकासाठी विटा हव्या होत्या. पहिल्या प्रतीच्या." चिखलवाल्यानं टोमणा मारला असता तर ह्यांना जरा हलकं वाटलं असतं. पण त्यानं खुर्ची पुसून दिली, पाणी विचारलं आणि म्हणाला, "तुम्हाला मी काय सांगणार? तुम्हीच पारखून घ्या." उद्योगपतींनी छातीइतक्या उंचीवरून वीट सोडली. मनातल्या मनात म्हणत होते, फूट गं बाई, फूट. फुटली नाही. मेली चांगली निघाली.

सोमवारी सकाळी गाडी लेकीच्या जागेवर रिकामी झाली. गवंडी खूश, जावई खूश. उद्योगपती मात्र रस्त्याकडं पाठ करून उभे. लेक दुकानाच्या मागच्या दारानं आली, थप्पीजवळ गेली, दोन विटा उचलल्या आणि एकमेकींवर आपटल्या. पुन्हा आपटल्या. मग बापासारखेच डोळे मिटून तिनं तिसऱ्यांदा आपटल्या.

"ही आपली वीट नाही," ती म्हणाली.

"वीट आहे ती. विटेसारखी वाजणारच."

"बाबा, मी लहानपणी भट्टीवर थप्पीशेजारी बसून अभ्यास केलाय. आपली वीट याहून चढ्या आवाजात वाजते. कुणाची आहे ही?"

उद्योगपतींनी पुलाच्या दिशेला बोट दाखवलं. मग एका दमात सगळं सांगून टाकलं: चटका, वारा, टकटक, भद्द. मध्ये एकही विनोद केला नाही. जावई हळूच दुकानात सटकला. गवंडी उगाचच ओळंब्याच्या दोरीचा गुंता सोडवत बसला.

"म्हणजे आयुष्यात एकदा माझ्यासाठी चांगली वीट काढायची होती," लेक म्हणाली, आणि आता तिचा आवाज खरोखर चढला, "तर तुम्ही ती दुसऱ्याकडून विकत आणलीत?"

"हो," उद्योगपती म्हणाले. "चुकलं माझं."

लेक विटांच्या थप्पीवर बसली. मग तिनं गवंड्याला विचारलं, "बाहेरच्या भिंती आधी उचलाल ना? मधली भिंत मागून केली तर चालेल?" गवंडी म्हणाला, चालेल की. "मग बाहेरून ह्याच लावा," ती म्हणाली आणि बापाकडं वळली. "मधली बैठकीची भिंत मी थांबवून ठेवते. तिला तुमची वीट. पण भट्टी तुम्ही उकलायची नाही. आई सांगेल त्या दिवशी उकलायची."

नवी भट्टी लागली, भाजली, विझली. आणि मग उद्योगपतींच्या आयुष्यातला सगळ्यात अवघड उद्योग सुरू झाला, तो म्हणजे काहीही न करणं. ते भट्टीभोवती फेऱ्या मारायचे. हात पुढं करायचे, बायको नुसती खाकरली की हात खिशात. टपरीवर लोकांनी विचारलं, "काय उद्योगपती, सध्या काय चाललंय?" तर म्हणायचे, "निवतोय." शेवटी एका सकाळी बायकोनं भट्टीच्या अंगाला तळहात टेकवला, टेकवलेला ठेवला आणि म्हणाली, "काढा आता."

अशी वीट त्या भट्टीतून कधी निघाली नव्हती. ती काय घंटेसारखी वाजत होती! उद्योगपती स्वतः निवडायला बसले. तेवढ्यात त्यांचा जुना ठेकेदार, वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक, गाडी घेऊन हजर. लालबुंद थप्पीवर हात ठेवून म्हणाला, "वा! ही सगळी भरा."

"ती नाही मिळणार," उद्योगपती म्हणाले.

"का हो? कुणाची आहे?"

"घरची आहे."

भट्टीवरच्या माणसांचे हात थांबले. एकानं तर सवयीनं हातातली सुरेख वीट खंगर ढिगाकडं भिरकावायला उगारलीसुद्धा होती. ठेकेदारानं बरीच मनधरणी केली, मग दुसऱ्या भट्टीवर जाईन अशी धमकी दिली. "पुलापलीकडं जा," उद्योगपती म्हणाले. "चांगली वीट आहे त्याची. मी पारखलीय." हे बोलताना नाकाला मिरच्या झोंबल्या, पण बोलले.

घर पुरं झालं. लेकीनं आईबापाला बोलावलं आणि येताना तो फीत कापायचा फोटो घेऊन या म्हणाली. "तो कशाला गं?" उद्योगपती म्हणाले. "बुडालेल्या कारखान्याचा फोटो नव्या घरात?" पण तिला तोच हवा होता, कारण त्यात तीही होती: लहानशी, हातात कात्रीचं तबक धरून उभी. मधल्या भिंतीत तिनं स्वतः खिळा ठोकला. खिळा निमूटपणे आत गेला. फोटो लावला आणि सगळे मागं सरून बघायला उभे राहिले. आई, बाप आणि लेक, तिघांच्याही माना आपोआप एका बाजूला कलल्या. घरच्यांत एकटा जावई सरळ उभा होता.

"वाकडा लागलाय," उद्योगपती म्हणाले.

शेवटचा हात फिरवायला आलेल्या गवंड्यानं ओळंब्याची दोरी सोडून दाखवली. फोटो सरळ होता. उद्योगपतींनी बळंच मान सरळ केली आणि पुन्हा पाहिलं. फोटोत ते स्वतः तिरके उभे होते. प्रमुख पाहुण्याच्या बाजूला इतके झुकलेले, की आणखी जरा झुकले असते तर त्याच्या खिशात पडले असते. हात त्याच्याकडं, हसू त्याच्याकडं. आणि पाठीमागं त्यांची लेक, जड तबक दोन्ही हातांनी तोलून, बापाच्या पाठीकडं बघत ताठ उभी होती. इतकी वर्षं पोट सुटलेल्या भिंतीनं फोटो कलवून, त्यांना सरळ दाखवून सांभाळून घेतलं होतं.

"फोटो सरळच आहे बाबा," लेक म्हणाली. "तिरके तुम्ही आहात."

"दिसतंय मला," उद्योगपती म्हणाले. काहीतरी विनोद करायला हवा होता, एक-दोन जिभेवर आलेही. पण त्यांनी ते गिळले, लेकीच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि विचारलं, "फार जड होतं का गं ते तबक?"

"खूप," ती म्हणाली.