उजवी मूठ

हेमावतीने हँडलवरची तिसरी मूठ आवळून धरली, मनगट पुढेमागे फिरवून पाहिलं आणि मान हलवली.

“हीसुद्धा कडकच वाटते.”

शिवयोगी हसला. सोलापुरात सायकल-मोटारसायकलच्या सामानाची दुकानं काही कमी नव्हती, पण गिऱ्हाइकाला मूठ धरून बघू देणारा हा एकटाच. काउंटरवर त्याने एक मोडकं हँडल खिळ्यांनी ठोकून ठेवलं होतं. त्यावर मुठी चढवायच्या, गिऱ्हाइकाने गाडी चालवल्यासारखं धरायचं आणि तोवर शिवयोगीने गप्प बसायचं, अशी दुकानाची रीत होती. गप्प बसणं तेवढं त्याला जमत नसे.

“जुनी आणलीय म्हणालात की अक्का. दाखवा बघू.”

हेमावतीने पिशवीतून वर्तमानपत्रात गुंडाळलेली मूठ काढली. ब्लेडने कापून आणली होती ती. सांगोल्याकडच्या एका खेड्यात ती सरकारी नर्स होती. आठ वाड्या तिच्या अंगावर, आणि त्या फिरायला भावाने वापरून दिलेली मोपेड. बाई फटफटीवर बसते म्हणून सुरुवातीला पोरं मागे धावायची. आता तिच्या हॉर्नला शेळ्यासुद्धा भीक घालत नसत.

“दगड झालाय की हिचा,” शिवयोगी म्हणाला. “हात बधिर होत असतील.”

“उजवा होतो. आधी मुंग्या येतात, मग बोटांना काही कळतच नाही.” तिने उजव्या हाताची बोटं चोळली. “आणि माझं सगळं काम बोटांचं आहे हो.”

एवढंसुद्धा ती आजवर कुणाजवळ बोलली नव्हती. गेल्या महिन्यात केराबाईचं पोट तपासून तिने सांगितलं होतं, बाळाचं डोकं खाली आहे, सगळं ठीक आहे. दाराशी बसलेली म्हातारी सुईण मायाक्का हळूच म्हणाली होती, “बाई, डोकं वर हाय.” हेमावतीने तिला सगळ्यांदेखत झापलं होतं. गप्प बसा, आणि यापुढे कुणाच्या पोटाला हात लावायचा नाही. बाळ पायाळू निघालं. जीप मिळून तालुक्याच्या दवाखान्यात पोचेपर्यंत सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता. दोघंही वाचली. त्यावरून हेमावतीला कुणी एका शब्दाने विचारलं नाही, आणि तेच तिला जास्त खुपत होतं. रस्ता खडबडीत, मूठ कडक, म्हणून बोटं बधिर, असं तिने स्वतःला समजावलं होतं. मूठ बदलली की झालं. परवा बिरप्पाच्या सुनेला तपासायचं होतं. तिला नववा लागला होता.

“असं करू,” शिवयोगी म्हणाला. “डोळ्याला काय कळतंय यातलं? डोळे मिटा. मी एकेक चढवतो, तुमी हातानं सांगा.”

तिने डोळे मिटले. रबर घासल्याचा आवाज आला. तिने डावा हात पुढे केला.

“जाड आहे. आडव्या रेघा.”

“बराबर. आता ही दुसरी चढवली. उजवा हात आणा.”

तिने उजव्या हाताने मूठ धरली. सावकाश बोटं फिरवली.

“ही गुळगुळीत. हीच बरी वाटते.” सकाळपासून पहिल्यांदाच तिला हायसं वाटलं.

“काय चेष्टा करताय अक्का?”

तिने डोळे उघडले. मुठीवर खवल्यांची नक्षी होती, एकेक खवला ज्वारीच्या दाण्याएवढा वर आलेला. तिने डाव्या हाताची बोटं त्यावर ठेवली. खवले टोचले. पुन्हा उजव्या हाताची ठेवली. काही नाही.

“लांबून गाडी चालवत आलात, हात अवघडला असंल,” शिवयोगी सावरून घेत म्हणाला.

“मी एसटीनं आले.”

गाडी दोन दिवस अंगणातच उभी होती. सकाळपासून तिचा उजवा हात मांडीवर नुसता पडून होता. म्हणजे दोष मुठीचा नव्हता. ती घाबरली, चांगलीच घाबरली. जाताना सिव्हिलमध्ये हात दाखवायचा, हे तिने तिथंच ठरवलं. पण डॉक्टर काहीही म्हणोत, परवाचा दिवस काही टळणार नव्हता.

“मग कुठली बांधू?” शिवयोगीने जपून विचारलं.

“खवल्यांची द्या. जोडी.”

“साबणाचं पाणी लावून चढवा. आन् रातभर वाळू द्या, न्हायतर फिरंल.”

दोन दिवसांनी बिरप्पाच्या अंगणात मोपेड उभी राहिली, तेव्हा एक शेळी येऊन नव्या मुठी हुंगून गेली. मायाक्का दाराबाहेर बसली होती. हेमावतीने झापल्या दिवसापासून तिने तपासणीच्या वेळी कुणाच्याच घराचा उंबरा ओलांडला नव्हता.

हेमावतीने हात धुतले, ती सुनेजवळ बसली, दोन्ही तळवे पोटावर ठेवले. डावा काहीतरी सांगत होता. उजवा मुका होता. सासू तिच्या तोंडाकडे बघत होती. “सगळं ठीक आहे” एवढंच तर म्हणायचं होतं. हेमावतीने दोन्ही हात उचलले.

“मायाक्का, आत या. तुम्ही बघा.”

 मग मायाक्का उठली. हेमावतीने शिकवलं होतं तसे तिने साबण लावून कोपरापर्यंत हात धुतले, आणि समोर येऊन बसली.

“बाई, तुमचा डावा हात आणा हितं.”

“डावा?”

“उजव्याला कळत न्हाय की. त्या दिशी केराबाईकडं पानी तापवायला चूल पेटवताना काडी पार बोटापतुर जळत आली, तरी तुमी हात मागं घेतला न्हाय. मी बगितलं.”

हेमावतीला लाज वाटली, आणि त्याहून जास्त सुटल्यासारखं वाटलं.

“मग तेव्हाच का नाही बोललात?”

“तुमीच गप बसा म्हनला व्हता.”

मायाक्काच्या बोलण्यात राग नव्हता. तिने हेमावतीचा डावा हात आपल्या हाताखाली घेतला आणि ओटीपोटावर हलकेच दाबला. तळव्याखाली काहीतरी गोल, टणक लागलं.

“डोकं,” हेमावती म्हणाली. “खाली आहे.”

“व्हय,” मायाक्का म्हणाली, आणि तिचा हात तसाच धरून वरच्या अंगाला नेला.