रांजणाखालचे तीळ

नवरा बशीर जाऊन अडतीस दिवस झाले होते, म्हणजे बतूलचे अजून ब्याण्णव उरले होते. चार महिने दहा दिवस विधवेने घरात बसायचं, पांढरं नेसायचं, परपुरुषाच्या नजरेला पडायचं नाही. त्यांच्या कुर्दुफान प्रांतात या बसण्याला हब्स म्हणतात, म्हणजे कैद. नाव देणारा निदान खोटं बोलला नव्हता.

अंगणातल्या कोठीत बियाण्याच्या तिळाची एकच गोणी होती. नऊ वर्षं बोंड न् बोंड पारखून तिनेच ते राखलं होतं. ते गेलं तर पेरायला काही नाही, आणि शेत पडीक राहिलं की ते दिराच्या घशात जाणार. दीर जैलीला हे चांगलं ठाऊक होतं.

दाराच्या पडद्यापलीकडून तो म्हणाला, "वहिनी, बी मेलंय. वीस दाणे ओल्या फडक्यात बांधून रांजणाखाली ठेवले. आठ दिवस झाले, एकाला मोड नाही. गुरुवारी तेली येतोय, घाण्याला देऊन टाकतो."

"अहो भावजी, ही परीक्षा पावसाच्या तोंडावर करतात! आत्ता जानेवारीचा वारा सुटलाय. रांजणाखाली हात गारठतो, तिथं तीळ कसा उगवेल?"

"बशीर तिथंच ठेवायचा."

"भर उन्हाळ्यात ठेवायचे ते!"

"बसून बसून डोकं फिरलंय तुमचं."

"असेल. ते मेलेलं फडकं तेवढं आत टाका."

त्याने हसत टाकलं. तिने ते कोमट पाण्यात भिजवलं आणि लुगड्याखाली पोटाशी घट्ट बांधलं. चार दिवस ते सुकू लागलं की पुन्हा भिजवायची. रात्री दाणे चिरडतील म्हणून कूससुद्धा बदलली नाही. या पोटात काही रुजत नाही, हे सासरी तिने नऊ वर्षं ऐकलं होतं. त्याचा राग आत्ता तिसऱ्याच कामाला आला.

गुरुवारी सकाळी तिने फडकं सोडलं. अठरा दाण्यांना पांढरे मोड आले होते. ती हसली, मग हमसून हमसून रडली, कारण दाखवायचं ज्याला तो अंगणात तेल्याच्या गाढवावर गोणी चढवत होता.

"भावजी, उगवलं! अठरा उगवले!"

जैलीने ऐकलं. त्याच्या ताठलेल्या मानेवरून कळत होतं. तरी त्याने दोरीची गाठ आवळली.

बेचाळीस दिवस तिने उंबरठ्यावर पाऊलही टाकलं नव्हतं. आता ती पांढऱ्या लुगड्यात सरळ अंगणात आली. तेल्याने "अल्ला!" म्हणून दोन्ही हातांनी डोळे झाकले. जैलीने गर्रकन पाठ फिरवली.

"वहिनी, आत जा! लाज आहे का?"

तिने गाठ सोडली, गोणी खाली ओढली आणि तिच्यावर बैठक मारली. हब्समधल्या बाईकडे बघायचंही नाही, मग हात धरून उठवणार कोण? तेली डोळे मिटूनच गाढवामागे फाटकाकडे चाचपडत निघाला.

"कुठवर बसणार अशा?" जैली भिंतीकडे तोंड करून ओरडला.

"उरलेले अठ्ठ्याऐंशी दिवस," बतूल म्हणाली. "मला सवय आहे."