अडुसष्टवर अडलेला आकडा

काटेवाल्याचा स्वतःवर फार विश्वास होता आणि त्याच्या बहुतेक भानगडी तिथूनच सुरू व्हायच्या. दुकानादुकानांतून वजनकाटे दुरुस्त करण्यात त्याची बावीस वर्षं गेली होती. यंत्र खोटं बोलायला लागलं की आपल्याला लांबूनच कळतं, असं तो चारचौघांत सांगायचा. चारचौघे ऐकूनही घ्यायचे, कारण काटा त्याच्याकडूनच दुरुस्त करून घ्यायचा असायचा.

गेले दोन महिने त्याला नवं वेड लागलं होतं. परसात एका जुन्या लोखंडी पिंपाला जाळी, झाकण आणि धुराडं बसवून तो त्यात मांस धुरावर शिजवत असे. त्यासाठी एक थर्मामीटरही आणला होता. त्याची सुई मांसात खुपसायची, सुईची वायर बाहेरच्या डबीला जोडायची, आणि मग ती डबी खिशातल्या दुसऱ्या डबीला आकडा कळवत राहायची. शंभर पावलांवरूनही कळायचं म्हणे. काटेवाला ती खिशातली डबी न्हाव्याकडे घेऊन गेला होता, न्हाणीघरातही घेऊन गेला होता. अर्धी दाढी झालेली असताना आकडा बघायला तो असा उठला, की न्हाव्याने त्या दिवसापासून त्याचं बोलणं मनावर घेणं सोडलं.

त्या रविवारी मात्र नुसत्या हौसेचा मामला नव्हता. सासूबाई जाऊन आठ महिने झाले होते, आणि तेव्हापासून सासरे दोन घास चिवडून पानावरून उठत. सदरे अंगावर लोंबायला लागले होते. बायकोने डबे पाठवून पाहिले, ते जवळजवळ भरलेलेच परत आले. आणि परवा फोनवर पिंपाचा विषय निघाला तेव्हा सासरे आपणहून म्हणाले, "येतो रविवारी जेवायला. बघू तरी जावईबापू काय दिवे लावतात."

फोन ठेवून बायको काटेवाल्यासमोर येऊन उभी राहिली. "मला बाकी काही नको," ती म्हणाली. "बाबांनी माझ्यासमोर एक ताट पुरतं जेवावं. तेवढं करा."

काटेवाल्याने हो म्हटलं खरं. सासरे चाळीस वर्षं खाटीक. त्यांच्या दुकानातला काटा दुरुस्त करायला गेला असतानाच त्याने त्यांची मुलगी पाहिली होती. काटा नीट झाला पण मुलगी गेली, असं सासरे लग्नात सगळ्यांना सांगत फिरले होते. अशा माणसाला मांस खाऊ घालायचं म्हणजे परीक्षाच होती, आणि परीक्षक सुतकी चेहऱ्याचा.

सकाळी सातला त्याने खांद्याचा चार किलोचा तुकडा जाळीवर ठेवला, सुई खुपसली आणि झाकण लावलं. मांस त्र्याण्णव अंशांवर गेलं की झालं. एक वाजता पानं वाढायची. आकडा कसा शहाण्यासारखा चढत होता. चाळीस, पंचावन्न, साठ. साडेदहाला अडुसष्ट झाले आणि काटेवाला शीळ घालत दाढीला बसला.

अकरालाही अडुसष्ट. साडेअकरालाही अडुसष्ट.

आता दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, थांबू या थोडं. पण ह्याची बावीस वर्षं काट्यांत गेलेली. हलत नाही तो काटा अडकलेला, हे त्याच्या रक्तातच भिनलं होतं. मांसावर संशय घ्यायचं त्याच्या डोक्यातही आलं नाही. त्याने बॅटऱ्या बदलल्या. झाकण उघडून सुई काढली आणि बर्फाच्या पाण्यात बुडवली; आकडा शून्यावर आला. उकळत्या पाण्यात धरली, आकडा शंभर. सुई परत मांसात खुपसली तर पुन्हा अडुसष्ट. एवढ्या खटाटोपात झाकण चार वेळा उघडलं, धूर शेजारी गेला आणि निखारे मलूल झाले, तिकडे त्याचं लक्षच नव्हतं.

"दोन्ही टोकांना खरं आणि मध्ये खोटं," तो बायकोला म्हणाला. "असले काटे ढिगाने पाहिलेत मी. आत कचरा असतो."

"अहो, त्याच्याबरोबर एक पुस्तिका आली होती ना?"

"पुस्तिका शिकाऊ माणसं वाचतात," असं म्हणून त्याने स्क्रू-ड्रायव्हर घेतला आणि बाहेरची डबी उघडली. आतली इवलीशी स्प्रिंग टुणकन उडाली आणि गवतात दिसेनाशी झाली. नेमके त्याच वेळी साडेबारा वाजले होते आणि फाटकातून सासरे आत येत होते.

त्यांना दिसलं ते असं: पिंप जेमतेम धुमसतंय, थर्मामीटरचे अवयव स्टुलावर पसरलेत, आणि जावईबापू गवतात रांगताहेत. त्यांनी चष्मा सावरला, गुडघ्यांवर हात टेकत खाली बसले, आणि पाचेक मिनिटांत स्प्रिंग शोधून जावयाच्या तळहातावर ठेवली.

काटेवाल्याने मान खाली घालून डबी जोडली. आकडा आला, एकसष्ट. होते तेही सात गेले होते. शेवटी मान-अपमान बाजूला ठेवून तो म्हणाला, "बाबा, तुम्हीच हात लावून सांगा. अजून किती लागेल?"

सासरे पिंपाकडे बघत राहिले. "मला काय माहीत?" ते म्हणाले. "मी कापायचो. शिजवायची ती. चाळीस वर्षांत मी एकदाही झाकण उघडून पाहिलेलं नाही. ती म्हणायची, बसा, की आपण बसायचं."

म्हणजे काटेवाला दोन दिवस ज्या परीक्षकाला घाबरत होता, त्याला विषयच येत नव्हता. त्याला हसावं की रडावं ते कळेना.

तेवढ्यात बायको पुस्तिका घेऊन बाहेर आली आणि तिने मोठ्याने वाचलं. "सत्तरच्या आसपास आकडा काही तास हलत नाही. मांसातलं पाणी सुकत असतं. घाबरू नये. झाकण उघडू नये." मग तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने नवे कोळसे पेटवायला घेतले.

खिशातली डबी सासऱ्यांनी मागून घेतली आणि खुर्ची टाकून बसले. अडीचला ते म्हणाले, "सदुसष्ट." साडेतीनला, "हलत नाही." जावयाचा हात झाकणाकडे जायला लागला की ते नुसते खाकरायचे. मधल्या वेळात त्यांनी चहा दोनदा घेतला, सासूबाई फोडणी करताना कशा चिडायच्या ते सांगितलं, आणि शेजारी कुंपणावरून चौकशीला आले तर त्यांनाही आकडा दाखवला. साडेचारला एकोणसत्तर झाले तेव्हा त्यांनी मुलीला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावलं.

सव्वासातला त्र्याण्णव झाले. मांस खरं सांगायचं तर एका बाजूने वाळलं होतं आणि धूरही वाजवीपेक्षा जास्त बसला होता. सासऱ्यांनी ताट संपवलं. मग ते पुन्हा पुढे केलं. बायको वाढत होती आणि तिचे डोळे भरून आले होते.

काटेवाल्याची छाती फुगली. "कसं झालंय, बाबा?"

"कोरडं," सासरे म्हणाले. "पण साडेबारापासून उपाशी ठेवल्यावर माणूस काय करणार."

निघताना दारात पायांत चपला सरकवत त्यांनी विचारलं, "पुढच्या रविवारी किती वाजता पेटवणार?"

"सातला."

"मग मी पावणेसातला येतो." त्यांनी दुसरी चप्पल चढवली. "घरी दुपार संपता संपत नाही हो. आज कधी अंधार पडला, कळलंच नाही."

पुढच्या वेळी अगदी एकच्या ठोक्याला पानं वाढतो, असं काटेवाला सांगणारच होता. त्याने तोंड उघडलंही होतं. बायकोने मागून त्याचा शर्ट ओढला.

"सावकाश होऊ दे, बाबा," ती म्हणाली. "ह्यांना वेळ लागतोच."