काचेतलं ठिबक
गोदाबाई जाऊन अकरा दिवस झाले, तेव्हा अमरावतीच्या प्रयोगशाळेतून तिच्या नवऱ्याला फोन आला. ऑपरेशनमध्ये काढलेला तिच्या पोटातला तुकडा आम्ही जिवंत ठेवलाय, पुढच्या कामासाठी सही लागेल. पुंजाराम तसाच अकोल्याहून निघाला. आपल्या माणसाचं कणभर तरी जित्तं उरलं, म्हणून चपला बाहेर काढून आत शिरला.

प्रयोगशाळेतल्या दामिनी मॅडमनं काचेची पट्टी दाखवली. तिच्यात मधोमध तो तुकडा होता, भोवती केसाहून बारीक नळ्या होत्या. एकीतून थेंब थेंब औषधपाणी जात होतं, दुसरीतून तपासणीचा थेंब बाहेर येत होता.

"हे तं ठिबक झालं," पुंजाराम म्हणाला. वावरावावरात ठिबकच्या नळ्या जोडण्यातच त्याची हयात गेली होती.

"अगदी तसंच, काका. कोणतं औषध लागू पडतं, ते आता कळलंय."

"आता?" तो पट्टीवर वाकला. "तिच्या कायजाचा तुकडा हाये ना हा?"

मॅडम अडखळली. "कॅन्सरची गाठ आहे ती."

पुंजारामचं डोकं सणकलं. त्यानं सहीसाठी घेतलेलं पेन टेबलावर आपटलं.

"शेवटचे तीन दिवस माह्या गोदीच्या तोंडाले घोटभर पाणी लावू नाही देल्लं डॉक्टरनं. अन् जिनं तिले खाल्लं, तिले तुमी थेंब थेंब पाजून राहिले?"